केदा, केदान, केदार: एका स्पॅनिश क्रियापदाची चौदा आठवड्यांची वही

5 जानेवारी 2025, रविवार. माद्रिद

उद्या रेयेस, तीन राजांचा सण. आदल्या दिवशी इथे घरोघरी रोस्कोन आणतात. गोल कड्यासारखा गोड पाव, वर पाकातली फळं, आत कुठेतरी लपवलेली छोटी बाहुली आणि वालाचा एक दाणा. बाहुली निघाली तो राजा, दाणा निघाला त्याने रोस्कोनचे पैसे द्यायचे.

बेकरीसमोर वीस मिनिटं रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली, "नो केदा."

अ‍ॅपवर मी पाठ केलं होतं की हे क्रियापद म्हणजे 'टू स्टे', थांबणे. मी लावलेला अर्थ: इथे थांबता येणार नाही, बसून खायची सोय नाही. म्हणून ऐटीत सांगितलं, "नो, नो, पारा येबार!" म्हणजे नाही हो, बांधून द्या. ती पुन्हा म्हणाली, "नो केदा, ग्वापा." (ग्वापा म्हणजे लाडाने 'सुंदरी'.) मी पुन्हा म्हणाले, बांधून द्या. मागची रांग हसायला लागली. शेवटी तिने रिकामा ट्रे उचलून दाखवला.

संपला होता. 'नो केदा' म्हणजे राहिला नाही, उरला नाही.

घरी येताना मनाशी ठरवलं, या एका शब्दाचा सोक्षमोक्ष लावायचा.

8 जानेवारी

काम काय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत.

मी मूळची मिरजेची, इथे येऊन चौदा महिने झाले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशाच पाच जणी आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या, घरात मराठी, बाहेर धडपडत स्पॅनिश. सगळ्यांसाठी अँकी या पाठांतराच्या अ‍ॅपवर कार्डांचा एक गठ्ठा करायचा, एकाच क्रियापदाचा. नियम असा की पुस्तकातलं वाक्य घ्यायचं नाही. कानावर पडलं किंवा पाटीवर दिसलं तरच वहीत. सोबत तारीख, जागा आणि बोलणारं कोण. वही 2.80 युरो.

स्पेलिंग क्यू, यू, ई, डी, ए. यू मुका. मी चार महिने 'क्वेदा' म्हणत होते, कुणी टोकलं नाही. द जिभेच्या टोकाने, अगदी हलका. दोन स्वरांच्या मध्ये तो इतका विरघळतो की घाईत बोलणाऱ्याचं 'केआ' ऐकू येतं. सुरुवातीला निम्मे केदा माझ्या कानावरून असेच निसटले असणार.

अनेकवचन केदान. 'आम्ही'चं रूप केदामोस. आणि मूळ क्रियापद, देवनागरीत लिहिलं की, केदार. शेवटच्या अक्षरावर जोर, पण केदारच. ग्रुपवर टाकलं, "आजपासून केदारच्या मागे लागले आहे." दहा मिनिटांत सातारच्या वहिनींचा खासगीत मेसेज: कोण गं हा?

11 जानेवारी, शनिवार

रेयेस झाला की सात तारखेपासून सेल लागतात. कपड्यांची दुकानं म्हणजे या शब्दाची खाण. ट्रायल रूमच्या बाहेर बाकावर अर्धा तास बसले, सहा नोंदी मिळाल्या. "ते केदा ब्येन", तुला छान दिसतंय. "मे केदा पेकेन्यो", मला लहान होतंय. "कोमो मे केदा?", कसं दिसतंय मला?

मग स्वतः एक कोट घालून बाहेर आले. विक्रेती म्हणाली, "ते केदा ग्रांदे." ग्रांदे म्हणजे मोठा, भव्य. मला वाटलं वा, कौतुक करतेय. घेतला. 39.99 युरो.

घरी नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, आत अजून एक माणूस मावेल.

'तुला मोठा होतोय' एवढंच ती सांगत होती, तेही स्वतःची विक्री घालवून. सोमवारी परत करायला दीड तास गेला. पैसे मिळाले. कार्डावर आता लिहिलंय, 'ग्रांदे ऐकून फुगू नये.' हेच वाक्य कामाबद्दलही म्हणतात हे नंतर कळलं. एखाद्याला पद 'केदा ग्रांदे', म्हणजे त्याला ते झेपत नाहीये.

19 जानेवारी, रविवार. एल रास्त्रो

रविवारचा जुना बाजार. आमच्या लवापिएस भागातून चालत दहा मिनिटं. कॉलरला लावायचा छोटा माइक मागवला होता, 22 युरो. कल्पना अशी की कार्डावर खरे आवाज टाकू.

दोन तास फिरले. घरी येऊन ऐकलं तर माझ्याच जॅकेटची खसखस, एक बाजाची पेटी आणि लांबून कुणीतरी ओरडतंय. कामाचा आवाज शून्य. शिवाय लोकांचे आवाज त्यांना न विचारता टिपणं मला परत आल्यावर पटेना. सगळं पुसलं. माइक कपाटात आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. यापुढे आवाज माझाच, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा, विचारून.

कानाने मिळालेली एक नोंद मात्र मोलाची. पितळी खलबत्ता हातात घेऊन बघत होते तर विक्रेता म्हणाला, "ते लो केदास?" मी म्हणाले, नाही, मी इथे राहत नाही, लवापिएसला राहते. त्याने खलबत्ता हातातून काढून घेतला. तो विचारत होता, 'ठेवून घेताय का?', म्हणजे घेताय का. हो म्हणायचं असेल तर "मे लो केदो". बाजारात घासाघीस संपवणारं हेच वाक्य. एक खलबत्ता गेला.

27 जानेवारी

तीन आठवड्यांत 58 नोंदी. वर्गवारी केली. शिल्लक आहे किंवा नाही, 24. वेळ किंवा अंतर उरणं, 9. कपडे आणि दिसणं, 8. भेट ठरणं, 7. 'से' किंवा 'मे' लागून येणारे, 6. पाटी किंवा कागदावरचे, 2. डोक्यावरून गेलेले, 2.

यातून पहिली 40 कार्डं केली. पुढे स्पॅनिश वाक्य, मागे अर्थ. गठ्ठा पाचही जणींना पाठवला. आठवड्याने एकमेकींची परीक्षा घेऊ.

3 फेब्रुवारी

परीक्षा झाली. मी स्वतः 40 पैकी 17. बाकीच्या माझ्याहून खाली. वहिनी म्हणाल्या, "तुझ्या केदारने डोकं फिरवलं."

कुठे चुकलं ते शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. कार्डाच्या मागे मी अर्थ इंग्रजीत लिहिला होता आणि खाली मराठी. सवयच ती. शाळेपासून परकी भाषा इंग्रजीच्या जिन्यानेच चढायची. पण इंग्रजीत या शब्दाला उरणे, बसणे, भेटणे, ठरणे, होणे असे आठ वेगवेगळे शब्द लागतात. वाचणाऱ्याला वाटतं ही आठ क्रियापदं आहेत.

मग इंग्रजी ओळ खोडून नुसती मराठी वाचली आणि कपाळावर हात मारला. आपल्याकडे एकाच शब्दात यातलं निम्मं बसतं: राहणे.

"केदा पान?" पाव राहिलाय का?
"क्वान्तो केदा?" किती राहिलं? (बसमध्ये पोरं आईला दर तीन मिनिटांनी हेच विचारतात. आमच्या मिरज-पंढरपूर एसटीतही हेच.)
"केदा मुचो पोर आसेर", खूप करायचं राहिलंय.
"से केदो कायादा", ती गप्प राहिली.
"से केदो आत्रास", तो मागे राहिला.
आणि सगळ्यात गंमत, "से केदो एम्बाराथादा", ती गरोदर राहिली. इंग्रजीतून शिकवणारे इथे 'प्रेग्नंट होणे'साठी वेगळा नियम सांगतात, अपवाद म्हणून पाठ करा म्हणतात. आपल्याला काय पाठ करायचंय! राहिलीच ना ती.

दुसरं म्हणजे कर्ता. "मे केदान दोस दियास" या वाक्यात क्रियापद माझ्याप्रमाणे चालत नाही, दोन दिवसांप्रमाणे चालतं, म्हणून केदान. अ‍ॅपने यावर तीन धडे घेतलेत. आपण 'माझे दोन दिवस राहिले' म्हणताना 'मी राहिले' म्हणतो का? मला भूक लागते, मला आंबा आवडतो, मला दोन स्टेशनं राहिली. आयुष्यभर असंच बोलत आलोय. तीन धडे वाचून मी हे विसरले होते.

इंग्रजी ओळी काढून 40 कार्डं पुन्हा लिहिली. पाच तास.

6 फेब्रुवारी

उत्साहाच्या भरात तोंडावर आपटले, तेही लिहायलाच हवं.

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. कुठे राहता वगैरे बोलणं चाललं होतं. मी नव्या साक्षात्कारात होते, म्हणाले, "मे केदो एन माद्रिद." आजी दचकल्या. "ते ईबास?" निघाली होतीस की काय?

मी म्हणाले होते, 'मी माद्रिदमध्येच थांबतेय', जणू काही सामान बांधून झालं होतं आणि शेवटच्या क्षणी विचार बदलला. घर असण्याचं राहणं म्हणजे 'बिबो'. ते वेगळं क्रियापद आहे. मराठीत दोन्ही राहणंच, त्यामुळे हा खड्डा खास आपल्यासाठी खणलेला आहे. रास्त्रोच्या खलबत्तेवाल्यापाशीही मी याच खड्ड्यात पडले होते, तेव्हा लक्षात आलं नाही.

गठ्ठ्यात लाल कडेची सहा कार्डं वाढवली: 'इथे राहणे चालत नाही'. त्यात 'राहू दे'ही टाकलं. ते इथे 'देखालो'. त्यात केदारचा काही संबंध नाही.

12 फेब्रुवारी

या पूर्ण कामातली सगळ्यात महागडी चूक. पैसे गेले नाहीत.

आजींनी सोमवारी विचारलं, "केदामोस एल मिएर्कोलेस आ लास सेइस?" मला ऐकू आलं बुधवार, सहा वाजता, आणि आपण राहतो. कुठे राहतो? मला वाटलं त्या सांगताहेत की बुधवारी सहापर्यंत आम्ही घरीच असतो. मी हसून "सी, सी" म्हणाले.

आज संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. आजी. कोट, मफलर, नाक लाल. खाली दारात पंचवीस मिनिटं उभ्या होत्या. आपलं कॉफीला जायचं ठरलं होतं ना?

'केदामोस' म्हणजे भेटायचं का, भेटूया. 'केदार कोन' (कोन म्हणजे -शी) म्हणजे कुणाशी भेटायचं ठरवणे. स्पेनमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा वापर, आणि माझ्या वहीत 'भेट ठरणं'खाली सात नोंदी होत्याही. पण सगळ्या दुसऱ्यांच्या गप्पांतल्या. मला उद्देशून कुणी म्हणेल हे डोक्यातच नव्हतं. आणखी एक पेच असा की 'केदामोस' हे चालू काळातही तेच आणि भूतकाळातही तेच. 'भेटूया' आणि 'ठरवलं होतं' यातला फरक आजूबाजूच्या शब्दांवरून काढायचा. ठरून गेलेल्याला माद्रिदकर बहुधा "एमोस केदादो" म्हणतात, तिथे गोंधळ नाही. मित्रमंडळींच्या जमण्याला नामही आहे: केदादा.

इथे 'राहणे' कामाचं नाही हे मान्य करायला मला वेळ लागला. 'ठरणे' लागतं. "एन के केदामोस?" म्हणजे मग शेवटी काय ठरलं आपलं? बरंच घोळून झाल्यावर वैतागून विचारतात.

कॉफी मी पाजली. दोन कॉफ्या आणि एक टोस्ट, 5.60 युरो. आजी म्हणाल्या, काही नाही गं, "ईखा". ईखा म्हणजे मुली. मला जास्तच वाईट वाटलं.

16 फेब्रुवारी, रविवार

आईशी फोन. आजींचा किस्सा सांगितला. आई म्हणाली, "अगं म्हातारं माणूस, थंडीत. बरं दिसतं का ते?"

फोन ठेवून थेट वही उघडली. जानेवारीत डोक्यावरून गेलेल्या दोन नोंदींपैकी एक ही होती, लिफ्टमध्ये दोघी बोलत होत्या: "एस के केदा माल." कुणाच्या तरी लग्नाला जायचं नव्हतं पण न जाणं... बरं दिसत नाही! केदा माल. केदा फेओ. वाईट दिसतं. मिरजेच्या गल्लीतलं अख्खं समाजशास्त्र या दोन शब्दांत. कुणाकडे रिकाम्या हाताने गेलं तर केदा फेओ. माणसावरही चालतं: चांगली छाप पाडणे म्हणजे 'केदार ब्येन', तोंडघशी पडणे 'केदार माल'. मी बुधवारी केदार माल झाले होते.

दहा कार्डं एका बैठकीत झाली. आईला श्रेय दिलंय, तिला माहीत नाही.

24 फेब्रुवारी

131 नोंदी. आठवडा कागदावरच्या केदासाठी दिला.

ग्रुपमधल्या एकीची इथली दहा वर्षं पूर्ण झालीत, नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. त्यासाठी स्पॅनिशची ए-टू (प्राथमिक) पातळी आणि राज्यघटना-समाजज्ञानाची एक परीक्षा लागते, दोन्ही इन्स्तितूतो सेर्वान्तेस या सरकारी भाषासंस्थेच्या. दुसरीत 25 प्रश्न, 45 मिनिटं, 15 बरोबर आले की पास. तिच्यासोबत घटना वाचायला बसले. 1978 ची. कलम 15 मध्ये, जगण्याचा हक्क आणि छळाला मनाई यांच्या लगेच नंतर: "केदा आबोलिदा ला पेना दे म्वेर्ते." फाशीची शिक्षा रद्द. तेव्हा युद्धकाळातल्या लष्करी कायद्यापुरता अपवाद ठेवला होता, तोही 1995 च्या कायद्याने गेला.

रोस्कोन संपला ते सांगणारा शब्द, आणि मृत्युदंड संपला ते सांगणारा शब्द तोच. घटनेच्या शेवटी जुने कायदे रद्द करणारं कलमही "केदा देरोगादा" असंच सुरू होतं.

हे केदा हुकमी आहे. इथे 'राहिली' म्हणून चालत नाही. म्हटल्याक्षणी गोष्ट तशी होऊन बसते. आमच्या लिफ्टमधली पाटीही तशीच, "केदा प्रोइबिदो" आणि खाली सायकल. पोलीस म्हणतात "केदा उस्तेद देतेनिदो", तुम्हाला अटक केली आहे. मराठी कार्डावर काय लिहावं यावर आम्ही दोघींनी तासभर घातला. शेवटी सरकारी मराठीच मदतीला आली: 'रद्द करण्यात येत आहे', 'मनाई करण्यात येत आहे'. तलाठी कार्यालयातली भाषा माद्रिदच्या लिफ्टमध्ये चपखल बसली.

शब्दकोशात मूळ पाहिलं. लॅटिन क्विएतारे, शांत करणे. म्हणजे आधी निवांत होणं, मग थांबणं, मग उरणं. केदा हे नामही आहे: रात्रीची ती वेळ जेव्हा गावात घंटा वाजवून सगळ्यांना घरी जायला सांगत. त्यावरून "तोके दे केदा", संचारबंदी. आजींना विचारलं तर म्हणाल्या, हो, आत्ता आत्ताचंच की. 25 ऑक्टोबर 2020 ला करोनामुळे कॅनरी बेटं सोडून देशभर लागू झाली, रात्री अकरा ते सकाळी सहा, प्रांतांना तासाभराची मागेपुढे मुभा. पुढे 9 मे 2021 ला ती व्यवस्था संपली. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी हा शब्द न वापरता रात्रीच्या हालचालींवरचे निर्बंध म्हणा असं सुचवलं होतं. लोक तोके दे केदाच म्हणत राहिले.

मी यावर एक संध्याकाळ घालवली. कार्ड एकच झालं. असू दे.

3 मार्च

'से'चा घोळ. चार दिवस वाया.

केदा आणि से केदा मी एकाच रंगात ठेवले होते. परिणामी वहिनी दुकानात "मे केदो सिन पान" म्हणायच्या जागी "मे केदा पान" म्हणाल्या. पहिल्याचा अर्थ माझ्याकडचा पाव संपला, दुसऱ्याचा अर्थ माझ्याकडे पाव आहे अजून. दुकानदाराने अर्थातच दिला नाही.

आता साधी खूण केली आहे. नुसतं केदा असेल तर वस्तू उरते. से, मे, ते लागून फिरलं तर माणूस थांबतो, किंवा वस्तू आपल्याकडे ठेवून घेतो, किंवा त्याचं काहीतरी होऊन बसतं. "केदाते", थांब ना. "केदेसे कोन ला ब्वेल्ता", सुट्टे तुमच्याकडेच ठेवा. "मे ए केदादो सिन बातेरिआ", माझी बॅटरी संपली. "मे केदे दोर्मिदा", माझा डोळा लागला. परीक्षेत डोकं रिकामं होतं ते "केदार्से एन ब्लांको". मात्र 'मे' दिसलं म्हणून लगेच दुसऱ्या डब्यात टाकू नका. "मे केदा पान" मध्येही मे आहेच, पण तिथे तो 'माझ्याकडे' आहे. ओळखायचं क्रियापदावरून: मे केदा की मे केदो. आम्ही चौघी यातच अडकलो होतो.

आजींनी एक दिली, ती मला फार आवडली: सांगायचं राहूनच गेलं तर ते "से केदा एन एल तिन्तेरो", दौतीतच राहतं.

आणि एक, जी देताना त्या स्वतःच हसल्या: लग्न न झालेल्या बाईबद्दल पूर्वी म्हणत, संतांच्या मूर्तींना कपडे घालायला राहिली. केदार्से पारा बेस्तिर सान्तोस. आमच्याकडे नुसतंच 'राहिली' म्हणायचे, पुढे काहीही न जोडता.

15 मार्च, शनिवार

पाच जणींची दुसरी परीक्षा. गठ्ठा आता 124 कार्डांचा. सरासरी शंभरच्या आसपास बरोबर. एक मात्र 61 वर अडकली. तिची कार्डं चुकीची नव्हती. तिच्या ऑफिसमध्ये बहुतेक कोलंबियन आहेत, ते पत्ता विचारताना "दोन्दे केदा?" म्हणतात, कुठे येतं ते. तिच्या कानात हाच वापर सगळ्यात वर. इथले लोक त्याला सहसा 'दोन्दे एस्ता' म्हणतात, त्यामुळे माझ्या वहीत तशा नोंदी जेमतेम दोन. उलट भेट ठरवायचं 'केदामोस' तिच्या ऑफिसात कुणी म्हणत नाही, ते स्पेनचं.

म्हणजे वही माझ्या गल्लीची होती, आणि मी ती स्पॅनिश भाषेची समजत होते. लॅटिन अमेरिकेचा वेगळा कप्पा केला, नोंदी तिने आणायच्या. 'लांब पडतं' हे "मे केदा लेखोस" दोन्हीकडे चालतं, त्यात वाद नाही. मराठीतही जागा 'पडते'च.

29 मार्च

हिशोब, कुणाला करायचं असेल तर.

नोंदी 206, कार्डं 138. आणखी कार्डं घालू नका. मी 160 पर्यंत नेली होती, लोक उघडेनात, 22 काढून टाकली. वही 2.80, माइक 22 (हा घेऊ नका), पाटी-कार्डांच्या छपाईचे 6.40. एकूण 31.20 युरो. आजींची कॉफी यात धरलेली नाही. अँकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. आमच्यातल्या दोघी त्यामुळे छापील कार्डांवर आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच जास्त पाठ आहे.

वेळ साधारण साठ तास. त्यातले वीस फुकट: रेकॉर्डिंग, इंग्रजी ओळी, 'से'चा रंग. पुन्हा केलं तर पहिल्या दिवसापासून मागची बाजू मराठीत लिहीन, आणि प्रत्येक कार्डावर कोण कुणाला म्हणालं ते घालीन. 'बेकरीवाली, मला' असं वाचलं की वाक्य आठवतं. 'उरणे' वाचून काही आठवत नाही.

12 एप्रिल, शनिवार

उद्या दोमिंगो दे रामोस, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची सुरुवात. सध्या तोर्रिखा खायचे दिवस: पावाचे जाड काप दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळतात, वर साखर आणि दालचिनी. तीच बेकरी, तशीच रांग, काउंटरवर तीच बाई.

विचारलं, "केदान तोर्रिखास?"

"केदान दोस. ते लास केदास?"

"मे लास केदो."

बाहेर येऊन दारातच वही काढली. 215, 216, 217. लिहीत होते तेव्हा आतून माझ्या मागच्या आजोबांचा आवाज आला, आणि त्या बाईचा, "नो केदान." आजोबा पुटपुटले, आणि अर्धा लांब पाव घेऊन निघाले. बांधून द्या असं काही म्हणाले नाहीत.